मावशीचं वजन

मांजराचं वजन करायची एक सोपी रीत आहे. मांजर उचलायचं, छातीशी धरून माणसांच्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आकडा बघायचा. मग मांजराला खाली सोडायचं, एकट्याने उभं राहायचं आणि पुन्हा आकडा बघायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतं ते मांजर. ज्यांच्या घरी नाठाळ मांजर आहे त्या सगळ्यांना डॉक्टरीण ही रीत शिकवायची आणि दरवेळी बजावायची, "दुसऱ्यांदा उभं राहायचा कंटाळा करू नका. आपलं वजन आपल्याला माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं. तिथेच घोळ होतो."

तिचा दवाखाना एका अरुंद रस्त्याच्या वळणावर होता. बाहेरच्या पाटीवर कुत्रा, मांजर, ससा आणि पोपट अशी चारही चित्रं होती, पण येणारी गिऱ्हाइकं सगळी मांजरांची. कुत्रेवाले चौकातल्या डॉक्टरकडे जायचे आणि पोपटवाले कुणाकडेच जायचे नाहीत. आत फिनेलचा वास, भिंतीला टेकवलेला लांब बाक, बाकावर टोपल्या आणि टोपल्यांच्या फटींतून बाहेर बघणारे रागीट डोळे. टेबलावर परातीचा वजनकाटा. दारापाशी काकू बसायच्या. त्या दवाखान्याच्या सर्वेसर्वा. नंबर लावणं, औषधं बांधून देणं आणि घाबरलेल्या माणसाला धीर देणं ही सगळी कामं त्या एकाच करड्या आवाजात उरकायच्या. येणारा प्रत्येक जण जाताना दारात थबकून एक प्रश्न हमखास विचारायचा, "मांजर साधारण किती वर्षं जगतं हो?" डॉक्टरीण मान वर न करता उत्तर द्यायची. ते तिला तोंडपाठ होतं.

घर दवाखान्याच्या डोक्यावरच. लाकडी जिना चढून गेलं की एक बोळ आणि मग दोन खोल्या. बोळात चपलांशेजारी माणसांचा वजनकाटा ठेवलेला होता, जुना, सुईचा, पिवळ्या पडलेल्या काचेचा. घरात डॉक्टरीण, लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा आणि सात वर्षांची ढब्बू. जन्मली तेव्हा गुबगुबीत होती म्हणून ढब्बू. आता पार काटकुळी झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलं. आणि मावशी. मावशी म्हणजे वाघाची मावशी, राखाडी पट्ट्यांची, माठासारख्या पोटाची मांजर. बायकोने माहेरून आणलेली एवढी एकच वस्तू, असं नवरा चारचौघांत सांगायचा.

मावशी कुणाच्याच हातात टिकायची नाही. डॉक्टरिणीच्या हातांना तर औषधांचा वास यायचा, त्यामुळे ती दिसली की स्वारी पलंगाखाली. फक्त ढब्बूच्या कुशीत ती पोत्यासारखी पडून राहायची. म्हणून महिन्याच्या महिन्याला ढब्बू मावशीला घेऊन बोळातल्या काट्यावर उभी राहायची आणि डॉक्टरीण वाकून आकडा बघायची. ढब्बूचं वजन बावीस किलो. शाळेच्या तपासणीत झालं होतं ते. साडेअठ्ठावीस वजा बावीस, साडेसहा. "मावशे, लाज वाटू दे जरा," असं म्हणून ती मावशीच्या वाटीतलं खाणं कमी करायची आणि ढब्बू आपल्या ताटातलं तिला घालून ते भरून काढायची. ढब्बूला पुन्हा एकटीला काट्यावर उभं करावं असं डॉक्टरिणीला कधी वाटलं नाही. पोटच्या पोरीचं वजन आईला माहीत नसेल तर कुणाला असेल?

जेवताना त्यांच्या घरी एक खेळ चालायचा. कुणीतरी 'समजा' म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्यात आपापली भर घालायची. आधीच्याचं खोडायचं नाही, एवढा एकच नियम.

"समजा, मांजरं उडायला लागली," ढब्बू एकदा म्हणाली. मावशी तिच्या मांडीवर होती.

"मग पाचव्या मजल्यावरच्या आजींचं मांजर लिफ्टमध्ये अडकणार नाही," नवरा म्हणाला. "माझी एक कटकट मिटली."

"मला दवाखाना गच्चीवर हलवावा लागेल," डॉक्टरीण म्हणाली. "आणि मांजरांऐवजी कबुतरं येतील. डॉक्टर, झोप लागत नाही म्हणून."

"कबुतरं चालत येतील," ढब्बू गंभीरपणे म्हणाली. "वर मांजरं असणार ना. मग ती बिचारी भिंतीच्या कडेकडेने चालतच जातील सगळीकडे." ती जेवायची थांबली होती. "आणि लोक खिडक्या उघड्या ठेवतील. दुधाची वाटी जमिनीवर नाही, कपाटावर ठेवतील. कपडे काढायला गेलं की दोरीवर मांजरं वाळत बसलेली असतील. आणि पाऊस आला ना, तरी ती भिजणार नाहीत. ढगांच्या वर जाऊन बसतील. तिथे ऊन असतं आणि आवाज नसतो."

"आणि परत खाली कधी येतील?" नवऱ्याने विचारलं.

"कशाला येतील?"

दोघंही हसली. ढब्बू हसली नाही. ती मावशीच्या कानामागे खाजवत म्हणाली, "पण आधी शिकवतील. पिल्लांना मानेला धरून नेतात ना, तसं. आधी स्वतःच्या पिल्लांना, मग माणसांच्या."

"आणि मोठ्यांना?"

"मोठी माणसं फार जड असतात, बाबा."

खेळ तेवढ्यावर संपला, कारण मावशीने ताटातला अंड्याचा तुकडा पळवला आणि मग आरडाओरडा झाला. त्यानंतर बरेच दिवस डॉक्टरिणीला त्या बोलण्याची आठवणही राहिली नव्हती.

पहिला आला तो समोरच्या शिंप्याचा बोका. अंगाने दांडगा, म्हणून त्याचं नाव पहिलवान. शिंप्याने टोपली टेबलावर ठेवली आणि उगाचच झाकणावर हात दाबून धरला.

"पडला, डॉक्टरीणबाई. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून."

तिने पहिलवानाचे पाय चाचपले, बरगड्यांवरून बोटं फिरवली, डोळ्यांत उजेड मारला. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. "कधी पडला?"

"काल दुपारी. म्हणजे काय झालं..." शिंप्याने बाकावरच्या लोकांकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज उतरवला. "तो पडायला लागला तेव्हा मी कापड बेतत होतो. बेतून झालं, कापून झालं, तेव्हा कुठे हा खाली पोचला."

तिने पहिलवानाला परातीत ठेवलं. मागच्या खेपेच्या निम्मंही वजन भरेना. अंग तर रेशमासारखं तुकतुकीत होतं.

"खातोय नीट?"

"माझ्या दुप्पट."

तिने रक्त तपासायला घेतलं, जंताचं औषध दिलं. शिंपी टोपली उचलून निघाला तसा काकूंनी त्याला दारात थांबवून झाकणाला सुतळी बांधून दिली. का बांधली ते त्यांनी सांगितलं नाही आणि शिंप्यानेही विचारलं नाही.

त्या आठवड्यात आलेलं एकेक मांजर तसंच. दिसायला ठणठणीत, परातीत ठेवलं की हलकं. डॉक्टरीण काट्यावर विश्वास ठेवणारी बाई होती. डोळे फसतात, हात फसतात, काटा फसत नाही, असं ती म्हणायची. तरी तिने वरून मिठाची न फोडलेली पिशवी मागवून परातीत ठेवली. बरोबर एक किलो. मग तिने काकूंकडे बघितलं.

"मला विचाराल तर," काकू गोळ्यांची पुडी बांधता बांधता म्हणाल्या, "हल्ली मांजर उचललं की हात आपसूक वर जातो. जिना संपला तरी अजून एक पायरी आहे समजून आपण पाऊल टाकतो ना, तसं वाटतं." आणि लगेच बाकाकडे वळून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

दुपारी दवाखाना बंद असायचा. त्या वेळी रस्त्यावर पांढुरकं, मऊ ऊन पडलेलं असायचं आणि कुणी चिटपाखरू फिरकायचं नाही. अशाच एका दुपारी डॉक्टरीण वरच्या खिडकीत केस विंचरत उभी होती. समोरच्या फुटपाथवर कबुतरं चालली होती. एकामागे एक, भिंतीला अंग घासत, मान आत ओढून. एकही उडत नव्हतं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानापाशी सावली संपत होती, तिथे ती सगळी थांबली, आणि मग जीव मुठीत धरून पळतच पलीकडच्या सावलीत गेली.

तिने वर बघितलं. शिंप्याच्या कठड्यापासून तिच्या शेजारच्या गच्चीपर्यंत, रस्त्याच्या बरोबर वर, एक पांढरी मांजर चालत येत होती. खाली तार नव्हती, दोरी नव्हती. शेपटी ताठ, पावलं सावकाश. मधे थांबून तिने एक पंजा चाटला आणि मग ती पुढे निघाली. खालून एक बाई हातात पिशव्या घेऊन गेली, तिच्या डोक्यावरून मांजरीची सावली सरकली. बाईने वर बघितलं नाही. वर बघायची सवय माणसाला नसतेच.

डॉक्टरिणीच्या हातातला कंगवा तसाच केसांत राहिला होता. तिला आधी भीती वाटली नाही. इतकं सुंदर काही तिने पूर्वी पाहिलं नव्हतं आणि आपल्या श्वासानेसुद्धा ते मोडेल असं तिला वाटत होतं.

"आई, दिसली?" मागून ढब्बूने विचारलं. ती पलंगावर पडून होती आणि मावशी तिच्या छातीवर चारी पाय पसरून बसली होती.

"काय दिसली?"

ढब्बूने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "काही नाही," ती म्हणाली आणि कूस वळवायला लागली, पण मावशीने तिला वळू दिलं नाही.

नवऱ्याला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने आधी झोप पुरेशी होते का ते विचारलं असतं, आणि मग हळूच तिच्या आईला फोन केला असता. पण त्या दिवसापासून ती खिडक्या लावून घ्यायला लागली. खोलीच्या खिडक्यांना कड्या होत्या. छतालगत एक छोटी झडप होती, ती उघडायची तर नवऱ्यालाही स्टुलावर चढून काठी लावावी लागायची. तिची काळजी नव्हती.

ढब्बूचं मात्र बरं चाललं होतं. आपल्या पोरीला वळण लागतंय, असं आईला वाटत होतं. एरवी जिन्यावरून ती दणादणा उतरायची, आता पाय वाजत नव्हते. काकू म्हणाल्यासुद्धा, "ढब्बू शहाणी झाली हो. कधी येते, कधी जाते, पत्ता लागत नाही." दरवर्षी शाळा अर्ध्यावर आली की तिच्या बुटांचे तळ झिजून जायचे. यंदा बूट उलटे करून बघितले तर तळावरची नक्षी जशीच्या तशी. नवरा म्हणाला, दुकानदाराने या वेळी चांगला माल दिला. एक गोष्ट तेवढी खटकायची. ढब्बूच्या प्रत्येक फ्रॉकला मानेमागे, गळ्याच्या पट्टीवर, बारीक भोकं पडलेली असायची. डॉक्टरिणीने कपाटात कसर लागली असेल म्हणून गोळ्या टाकल्या आणि फ्रॉक रफू करून ठेवले. पुढच्या आठवड्यात भोकं पुन्हा होती तिथेच.

आणि मावशी. मावशी आता ढब्बूला सोडतच नव्हती. ढब्बू अभ्यासाला बसली की मांडीवर, झोपली की छातीवर, उभी राहिली की पायांवर. जागची हलली तरी नखं रोवून तिच्या अंगाला धरून राहायची. ढब्बूच्या दंडावर ओरखडे दिसायला लागले. नवरा कामावरून आला की लेकीला उचलून घ्यायचा, पण मावशीसकट. "एकीला उचललं की दुसरी फुकट," असं म्हणून तो हसायचा. डॉक्टरिणीचं ढब्बूला कडेवर घेणं केव्हाच सुटलं होतं. शेवटचं कधी घेतलं ते तिला आठवत नव्हतं. कुणाच्याच आईला ते आठवत नसतं.

त्या महिन्यात ढब्बू मावशीला घेऊन काट्यावर उभी राहिली तेव्हा सुई पंचविसाच्या अलीकडेच थांबली. पंचवीस वजा बावीस. मावशीचं वजन निम्म्याहून कमी झालं होतं. डोळ्यांना दिसत होतं ते माठासारखं पोट जसंच्या तसं, पण डॉक्टरीण डोळ्यांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिने मावशीचं खाणं वाढवलं. मग तिच्याने पुढच्या महिन्यापर्यंत धीर धरवेना. आठवडाभरात तिने ढब्बूला पुन्हा काट्यावर बोलावलं.

सुई विसावर थांबली.

तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वीस. मांजर हातात घेतलेली मुलगी एकट्या मुलीपेक्षा हलकी भरत होती. म्हणजे मावशीला वजन उरलं नव्हतं. म्हणजे मावशी ढब्बूला वर ओढत होती.

डॉक्टरिणीला आता भीती वाटली. आधी पायांच्या तळव्यांना, मग वर. तिच्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या वर हवेतून चालत येणारी पांढरी मांजर आली, ढब्बूच्या अंगात रुतलेली मावशीची नखं आली, आणि त्या दिवशी जेवताना ढब्बूने सांगितलेलं ढगांच्या वरचं ऊन आलं. हे सगळं कशाकडे चाललंय ते तिला स्वच्छ दिसलं. एक दिवस खिडकी उघडी राहील आणि ही मांजर माझ्या पोरीला घेऊन जाईल.

"मावशीला दे," ती म्हणाली. "तिला बरं नाही. तिला खाली दवाखान्यात ठेवायचं, तपासायचं."

ढब्बू रडली नाही. तिने मावशीची नखं एकेक करून फ्रॉकमधून सोडवली. मावशी ओरडली, आजवर कधी ओरडली नव्हती तशी, घशातून.

"मग मला कोण धरेल?" ढब्बूने विचारलं.

"मी आहे ना."

"तू तर दिवसभर खाली असतेस."

डॉक्टरिणीने तिच्या केसांवरून हात फिरवला. दुपारची वेळ होती, शाळेला सुट्टी होती, नवरा कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता. तिने ढब्बूला पलंगावर झोपवलं आणि अंगावरची चादर चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचली, आजारी माणसाची खोचतात तशी. खिडक्यांच्या कड्या हलवून बघितल्या. ढब्बू छताकडे बघत पडून होती. मग दोन्ही हातांनी मावशीला धरून ती जिना उतरली.

उतरताना तिचे हात अवघडले. अर्ध्या जिन्यात तिला मावशीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं लागलं. तेव्हा तिच्या काही लक्षात आलं नाही.

खाली काकू टोपल्या धूत होत्या. "ही स्वारी इकडे कशी?" त्यांनी विचारलं.

"हिला बघायचंय जरा."

मावशी आज पळाली नाही. परातीत ठेवल्यावर तिने डोकं पंजांवर टेकलं आणि डोळे मिटले, दमून आलेलं माणूस बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटतं तसे. डॉक्टरिणीने आकडा बघितला.

साडेसहा.

तिने मावशीला उचललं. आकडा शून्यावर गेला. पुन्हा ठेवलं. साडेसहा. मिठाची पिशवी तिथेच होती. मावशीला बाजूला करून पिशवी ठेवली. एक किलो, बरोबर.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरीण मनातल्या मनात वजाबाकी करत होती. वरचा आकडा वीस. मावशी साडेसहा. उरली ढब्बू, साडेतेरा. मग मी वजा करत होते ते बावीस कुठले? ते बावीस किलो शाळेतल्या तपासणीतले. त्यानंतर ढब्बू एकटी कधी काट्यावर उभी राहिलीच नव्हती.

दुसऱ्यांदा उभं राहायचा कंटाळा करू नका.

न झिजलेले बूट. न वाजणारा जिना. मानेमागची भोकं.

मावशी तिला वर ओढत नव्हती.

जिना ती कसा चढली ते तिला कळलं नाही. बोळात अंधारलेलं होतं आणि गार वारा येत होता. बंद घरात वारा यायला नको होता.

तिने दार ढकललं.

खिडक्यांच्या कड्या लागलेल्या होत्या. छतालगतची झडप सताड उघडी होती आणि तिच्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरला होता. पट्ट्यात मांजरांचे केस तरंगत होते.

पलंगावरची चादर चारी बाजूंनी तशीच खोचलेली होती. पण ती मधे उचललेली होती, ताणलेली. गादी आणि ढब्बू यांच्यामध्ये उजेड दिसत होता.

ढब्बू झोपली होती. तोंड किंचित उघडं, केस गालावर नाहीत, वर.

तिच्या उशाशी, हवेत, पांढरी मांजर होती. तिने ढब्बूच्या फ्रॉकची पट्टी दातांत धरली होती. जोर न लावता, नीट, दुसऱ्याचं पिल्लू धरावं तशी. झडपेच्या चौकटीत पहिलवान बसला होता आणि त्याच्यामागे आणखी डोळे होते.

मांजरीने डॉक्टरिणीकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. मग तिने पट्टी सोडली, अंग झटकलं आणि एकेक पाऊल टाकत ती उन्हाच्या पट्ट्यातून वर निघून गेली. तिच्यामागे बाकीचीही गेली, काही घाई न करता.

डॉक्टरिणीने चादर सोडवली आणि ढब्बूला कवेत घेतलं. हाताला ऊब लागली, हाडं लागली, श्वास लागला. वजन लागलं नाही, मघाचे साडेतेरासुद्धा नाहीत. ती रडत होती, पण तिने आवाज होऊ दिला नाही.

जिन्यावर धप, धप असा आवाज आला. मावशी चढून येत होती, प्रत्येक पायरीवर थांबत. उंबऱ्यात येऊन तिने दोघींकडे बघितलं आणि मग गार फरशीवर कुशीवर पडून चारी पाय लांब केले. कित्येक दिवसांत ती अशी झोपलेली कुणी पाहिली नव्हती.

ढब्बूने डोळे न उघडता मान आईच्या खांद्यावर ठेवली. "मावशी दमली गं," ती म्हणाली. "आता तू धर."

"धरलंय."

"दिवसभर?"

"दिवसभर," डॉक्टरीण म्हणाली.

ती बोळात आली. का आली ते तिला सांगता आलं नसतं. आयुष्यभर ज्यावर विश्वास ठेवला त्याला एकदा विचारून घ्यावं, एवढंच असेल. लेकीला छातीशी धरून ती वजनकाट्यावर उभी राहिली आणि तिने खाली बघितलं.

तिचं स्वतःचं वजन तिला माहीत होतं. सुई त्याच्या बरीच अलीकडे थांबली होती.

आता ढब्बूला खाली ठेवायचं, एकटीने उभं राहायचं आणि पुन्हा आकडा बघायचा. कमी कोण झालंय, ढब्बू की आपण, हे कळायची तेवढी एकच रीत होती. तिने ढब्बूला खाली ठेवलं नाही. पिवळ्या काचेखाली सुई थरथरली आणि हळूहळू आणखी मागे सरकायला लागली.

मागे मावशी उठल्याचा आवाज आला. ती उगाच कण्हली, बोळापर्यंत आली, काट्यावर चढली आणि डॉक्टरिणीच्या दोन्ही पावलांवर अंग टाकून बसली. सुई पुढे आली आणि थांबली.

डॉक्टरिणीने वरून तिच्याकडे बघितलं. इतक्या जवळून मावशीने तिला कधी बघू दिलं नव्हतं. मिशांपाशी तोंड पांढरं झालं होतं, मणके वर आले होते, आणि पोट भराभर वरखाली होत होतं. मांजर साधारण किती वर्षं जगतं, ते तिला तोंडपाठ होतं.